मुंबईची पर्जन्यजल सेवा: पंप भरवशाचे झाले, पाण्याची वाट अजून नाही

महापालिकेला कर भरून मुंबईकर ज्या सेवा घेतो, त्यांपैकी पावसाचे पाणी रस्त्यावरून उचलून समुद्रापर्यंत पोहोचवणारी सेवा वर्षातले आठ महिने कोणाच्या लक्षात येत नाही आणि उरलेल्या चार महिन्यांत तिच्यावर सगळ्यांचे मत असते. त्या मतांत बहुधा एकच प्रश्न विचारला जातो: पाणी तुंबले की नाही? दादर-परळच्या सखल भागात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न महत्त्वाचा वाटणे साहजिक आहे, पण सेवेचे मोल ठरवायला तो पुरेसा नाही. साचलेले पाणी किती वेळात ओसरते, ते साचणार हे नागरिकाला वेळेवर कळते का, आणि रस्त्यावरून निघालेले पाणी समुद्रात जाते तेव्हा त्यात काय काय मिसळलेले असते, या तीन कसोट्या मी या परीक्षणासाठी धरल्या आहेत. पहिल्या कसोटीवर ही सेवा गेल्या दोन दशकांत पुष्कळ सुधारली आहे, दुसऱ्या कसोटीवर ती अर्धीमुर्धी उतरते, आणि तिसऱ्या कसोटीवर ती आजही निराश करते.

न्याय्य परीक्षण करायचे तर आधी ही सेवा कोणत्या परिस्थितीत चालते हे मान्य करावे लागते. मुंबईत दर मोसमात सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा मोजक्या दिवसांत कोसळतो. शहराचा बराचसा भाग बेटांमधली खाडी आणि खाजण भरून तयार झालेला असल्याने समुद्राच्या पातळीपेक्षा फारसा उंच नाही. पर्जन्य जलवाहिन्या जिथे समुद्राला किंवा खाडीला मिळतात, त्या तोंडांना महापालिकेच्या कागदपत्रांत पातमुखे म्हणतात. शहरातल्या अशा १८६ पातमुखांपैकी ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत, १३५ भरतीच्या पातळीखाली आहेत आणि भरतीच्या वर राहणारी केवळ ६ आहेत. याचा अर्थ असा की भरती आली की बहुतेक वाहिन्यांची तोंडे पाण्याखाली जातात, आतले पाणी बाहेर पडू शकत नाही, आणि जिथे झडपा नाहीत तिथे समुद्रच वाहिनीतून आत शिरू पाहतो. जोराचा पाऊस आणि साडेचार मीटरच्या वरची उधाणाची भरती एकाच वेळी आली, तर केवळ उतारावर विसंबलेली कोणतीही व्यवस्था तिथे हात टेकते. पावसाळ्यापूर्वी महापालिका अशा भरत्यांच्या तारखा आणि वेळा जाहीर करते. हे वेळापत्रक या सेवेतला सर्वांत साधा आणि सर्वांत उपयोगी भाग आहे, असे माझे मत आहे.

जुन्या व्यवस्थेची क्षमता तासाला २५ मिलिमीटर पावसाची होती, आणि तीसुद्धा पडलेल्या पाण्यापैकी निम्मे जमिनीत मुरेल असे गृहीत धरून. विटांच्या कमानी वाहिन्या ज्या काळात बांधल्या गेल्या, त्या काळात मोकळी जमीन, बागा आणि वाड्यांची अंगणे होती आणि त्यामुळे ते गृहीतक चुकीचे नव्हते. पुढे अंगणे गेली, गृहीतक मात्र राहिले. १९८५ च्या पुरानंतर महापालिकेने या व्यवस्थेचा सर्वंकष अभ्यास करायचे ठरवले आणि १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने ओळखला जाणारा अहवाल तयार झाला. तासाला ५० मिलिमीटर पाऊस आणि जमिनीत मुरणारे पाणी शून्य, असा हिशेब धरून वाहिन्या रुंद कराव्यात आणि समुद्रकाठी पंपिंग स्टेशने उभारावीत, अशी त्याची मुख्य शिफारस होती. खर्चाचा अंदाज सहाशे कोटी रुपयांच्या थोडा वर होता. तो आकडा त्या वेळी मोठा वाटला आणि अहवालातली बहुतेक कामे कागदावरच राहिली.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला नोंदलेला पाऊस होता ७३ मिलिमीटर. दुपारच्या भरतीने पातमुखे बंद झालेली असताना उपनगरांत हा पाऊस कोसळला आणि शहरात चारशेहून अधिक माणसे दगावली. एवढा पाऊस कोणतीही वाहिनी वाहून नेऊ शकली नसती, हे खरे आहे. तरीही बारा वर्षे पडून राहिलेला अहवाल अमलात आला असता तर पाणी चढण्याचा आणि उतरण्याचा वेग नक्कीच वेगळा असता. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने कारणांची छाननी केली आणि २००७ मध्ये केंद्र सरकारने ब्रिमस्टोवॅडच्या कामांसाठी सुमारे १,२०० कोटी रुपये मंजूर केले. आज आपण जी सेवा वापरतो तिचा कणा त्या निर्णयातून उभा राहिला.

त्या कण्याबद्दल मनापासून चांगले लिहावे असे पुष्कळ आहे. नियोजित आठपैकी सहा उदंचन केंद्रे, म्हणजे पंपिंग स्टेशने, चालू झाली: हाजी अली, जुहूचे इर्ला, वरळीची लव्हग्रोव्ह आणि क्लीव्हलंड बंदर, रे रोडचे ब्रिटानिया, आणि २०१९ मध्ये सांताक्रूझ-खार पट्ट्यातले गझदरबंध. त्यांचे काम समजायला सोपे आहे. भरतीच्या वेळी दरवाजे बंद करून समुद्राला बाहेर थांबवायचे, आत जमलेले पाणी पंपांनी उचलून दरवाजाच्या पलीकडे टाकायचे, आणि ओहोटी लागली की दरवाजे उघडून पाण्याला स्वतःच्या उताराने जाऊ द्यायचे. या केंद्रांतला एक पंप सेकंदाला सुमारे ६,००० लिटर, म्हणजे तासाला दोन कोटी सोळा लाख लिटर पाणी उचलतो. एका चौरस किलोमीटरवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला थेंबही मुरला नाही, तर पाच कोटी लिटर पाणी जमते. सहा पंपांचे केंद्र म्हणूनच अडीच चौरस किलोमीटरहून थोड्या अधिक क्षेत्राचे पाणी पडेल त्या वेगाने उपसू शकते. पाऊस तासाला १०० मिलिमीटर झाला की हे क्षेत्र निम्म्यावर येते, आणि उरलेले पाणी पाऊस ओसरेपर्यंत रस्त्यावर थांबते. हा हिशेब डोक्यात ठेवला की ‘इतका खर्च केला तरी पाणी तुंबतेच कसे’ या दरवर्षीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. पूर्वी जिथे दिवस दिवस पाणी हटत नसे, तिथे आता पाऊस थांबल्यावर काही तासांत रस्ता दिसू लागतो. हा फरक सखल भागातल्या दुकानदाराला आणि तळमजल्यावरच्या कुटुंबाला विचारल्याशिवाय कळत नाही.

हिंदमाता हे या सेवेचे सर्वांत कठीण आणि म्हणून सर्वांत बोलके उदाहरण आहे. हा चौक बशीच्या तळासारखा आहे. चहूबाजूंचे पाणी तिथे उतरते आणि तिथून निघून ब्रिटानिया केंद्रापर्यंत जायला त्याला मोठा पल्ला गाठावा लागतो. वाहिन्या रुंद करूनही प्रश्न सुटेना, तेव्हा २०२१ पासून वेगळा विचार झाला: भरती असेपर्यंत पाणी कुठेतरी थांबवून ठेवावे आणि ओहोटीला सोडावे. त्यासाठी दादरच्या प्रमोद महाजन कलापार्कखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या भूमिगत टाक्या बांधल्या गेल्या. हिंदमाता आणि परळच्या उड्डाणपुलांमधला रस्ताही उंच करून जोडण्यात आला, जेणेकरून खाली पाणी असले तरी वाहतूक चालू राहावी. टाक्यांची कल्पना मला उत्तम वाटते, कारण भरतीशी झुंजण्याऐवजी तिच्या वेळापत्रकाप्रमाणे वागायचे हे तिच्यामागचे सूत्र आहे आणि वर मुलांचे मैदान मोकळे राहते. उंच केलेल्या रस्त्याविषयी मात्र माझे मत तितके चांगले नाही. त्याने गाडीवाल्याची सोय झाली. पदपथावरून चालणाऱ्याची, बसथांब्यावर उभ्या असणाऱ्याची आणि खालच्या दुकानांची गैरसोय जशीच्या तशी राहिली.

यंत्रे उभी करणे आणि ती चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे २६ मे २०२५ रोजी स्पष्ट झाले. त्या दिवशी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. त्याची नेहमीची तारीख ११ जून आहे आणि इतक्या लवकर तो आल्याची नोंद याआधी नव्हती. वरळीच्या आचार्य अत्रे चौकातील भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरले आणि दक्षिण मुंबईतल्या, एरवी कोरड्या राहणाऱ्या रस्त्यांवरही पाणी आले. हिंदमाता, गांधी मार्केट, यलो गेट आणि चुनाभट्टी इथली छोटी उदंचन केंद्रे वेळेवर चालू झाली नाहीत, म्हणून महापालिकेने ती चालवणाऱ्या कंत्राटदारांना दंड केला. दंड झाला हे योग्यच, पण सेवेचे मूल्यमापन करणाऱ्याला यातून एक उणीव दिसते. यंत्रणेची सगळी तयारी ठरावीक तारखेला बांधलेली आहे आणि पाऊस ती तारीख पाळत नाही. वळवाच्या सरी मे महिन्यात येतात हे मुंबईला नवे नाही. पंप, त्यांचे चालक आणि डिझेल मेच्या मध्यापासून सज्ज असणे ही किमान अपेक्षा धरायला हवी.

उरलेली दोन केंद्रे म्हणजे अंधेरीचे मोगरा आणि पूर्वेचे माहुल. ती २०२५ च्या पावसाळ्यापर्यंत पूर्ण झालेली नव्हती. जागेचे प्रश्न हे त्यामागचे मोठे कारण. परिणाम रोजच्या प्रवासात दिसतो. मोगरा नाल्याचे पाणी चढले की अंधेरी सबवे बंद होतो आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्या लाखो माणसांना वळसा पडतो. माहुल खाडीकडे जाणारे पाणी अडले की किंग्ज सर्कलजवळच्या गांधी मार्केटमध्ये आणि वडाळ्याच्या बाजूला ते साचते. ही दोन केंद्रे झाल्याशिवाय सेवेला पूर्ण म्हणता येणार नाही, आणि या दोन भागांतल्या रहिवाशांनी ती सुधारली असे म्हणावे अशी अपेक्षाही कोणी करू नये.

आता पंपापर्यंतच्या वाटेकडे वळतो, कारण माझ्या मते या सेवेचे खरे दुखणे तिथे आहे. पंपाची क्षमता कितीही असली तरी रस्त्याकडेच्या जाळीतून पाणी आत शिरले, ढाप्याच्या गटारातून पुढे सरकले आणि नाल्यात पोहोचले, तरच पंपाला काम मिळते. या वाटेवर प्लॅस्टिकच्या पिशव्या, थर्माकोल, बांधकामाचा राडारोडा आणि गाळ असतो. महापालिका दरवर्षी पावसाळ्याआधी नालेसफाई करते आणि किती टक्के गाळ काढला याचे आकडे रोज प्रसिद्ध होतात. मला हे माप चुकीचे वाटते. काढलेल्या गाळाचे वजन हे कंत्राटदाराच्या देयकासाठी सोयीचे माप आहे, नागरिकाला हवे ते माप म्हणजे नाल्याची उरलेली खोली आणि रुंदी. शंभर टक्के गाळ काढल्याचे जाहीर झाल्यावरही एखाद्या पुलाखालचा दगडमातीचा ढीग तसाच असला, तर नाल्याची क्षमता त्या पुलाखालच्या फटीएवढीच राहते. मिठी नदीच्या गाळ उपशात झालेल्या कथित गैरव्यवहाराबाबत मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने २०२५ मध्ये गुन्हा नोंदवला, त्याचा निकाल न्यायालयात लागेल. पण वजनावर पैसे देण्याच्या पद्धतीत वजनच खोटे दाखवण्याची वाट असते, हे समजायला निकालाची गरज नाही. त्याच वर्षी महापालिकेने प्रत्येक खेपेच्या चित्रफिती घेणे आणि त्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने तपासणे सुरू केले. पाऊल चांगले आहे. त्याला जोड म्हणून प्रत्येक मोठ्या नाल्याच्या ठरलेल्या ठिकाणांची खोली एप्रिल आणि जूनमध्ये मोजून नकाशावर लावली, तर कोणताही रहिवासी स्वतः पडताळणी करू शकेल.

याच वाटेवर मनुष्य प्रवेशिका, म्हणजे आपण ज्यांना मॅनहोल म्हणतो, त्या येतात. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात, सांताक्रूझला ३३१ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, परळ-एल्फिन्स्टन परिसरात उघड्या मॅनहोलमध्ये पडून शहरातल्या एका नामवंत डॉक्टरांचा मृत्यू झाला. पाणी लवकर ओसरावे म्हणून झाकण उघडण्याची सवय किती जीवघेणी आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले. त्यानंतर झाकणांखाली संरक्षक जाळ्या बसवण्याचे काम सुरू झाले आणि सखल भागांत त्या आता ठिकठिकाणी दिसतात. या कामाला मी सेवेतल्या कोणत्याही मोठ्या प्रकल्पाइतकेच महत्त्व देतो. मात्र जाळ्या आणि झाकणे चोरीला जातात, त्यामुळे बसवलेल्या जाळीची पावसाळ्यापूर्वी दरवर्षी तपासणी व्हायला हवी.

मिठीचा उल्लेख आलाच आहे तर तिच्यावर थोडे थांबणे भाग आहे. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून सुमारे अठरा किलोमीटर वाहत ती माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिला वळवले गेले, तिच्या मुखाजवळच्या खारफुटीच्या आणि खाजणाच्या जमिनीवर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले आणि काठावर दाट वस्ती झाली. २००५ नंतर मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, पात्र रुंद आणि खोल करण्यात आले, काठाला भिंती बांधल्या गेल्या. भिंतींमुळे नदीची हद्द निश्चित झाली हा फायदा मी मानतो. पण नदीला पसरायला जागा न ठेवता केवळ भिंतींत बांधले की पाणी वर चढते, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कुर्ल्याच्या क्रांतीनगरमधून शेकडो रहिवाशांना पुन्हा हलवावे लागले. त्या वस्तीतल्या माणसांसाठी सेवेचा अर्थ पंपांची संख्या नसून रात्री किती वाजता घर सोडावे लागेल हे वेळेवर कळणे, हा आहे.

त्यावरून दुसरी कसोटी येते. सूचनेच्या बाबतीत २००५ ची मुंबई आंधळी होती. सांताक्रूझ आणि कुलाबा या दोन वेधशाळांच्या नोंदींतून संपूर्ण शहराचा अंदाज बांधावा लागत होता. आज शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक आहेत आणि त्यांच्या नोंदी आपत्ती व्यवस्थापन विभागाच्या संकेतस्थळावर दर पंधरा मिनिटांनी बदलतात. १९१६ हा मदत क्रमांक चोवीस तास चालतो. मी पावसाळ्यात घराबाहेर पडण्यापूर्वी संकेतस्थळावरच्या नोंदी आणि भरतीची वेळ शेजारी शेजारी ठेवून पाहतो. आपल्या विभागात तासाभरात चाळीस-पन्नास मिलिमीटर पाऊस झालेला आहे आणि भरती दीड-दोन तासांवर आहे, असे दिसले तर निघणे पुढे ढकलावे, हा त्यातून मिळणारा निष्कर्ष भरवशाचा असतो. १२ जून २०२० रोजी केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि महापालिका यांनी मिळून ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूरसूचना प्रणाली सुरू केली. पाऊस, नद्या-नाल्यांची वहनक्षमता, जमिनीचे चढउतार आणि भरती यांची सांगड घालून सहा ते बहात्तर तास आधी कोणत्या भागात किती पाणी चढेल याचा अंदाज देणे, हा तिचा हेतू. यंत्रणेच्या नियंत्रण कक्षासाठी ती मोलाची आहे. पण सामान्य नागरिकाच्या हाती आजही मुख्यतः पिवळा, नारिंगी आणि लाल असे संपूर्ण जिल्ह्यासाठीचे रंगच येतात. २००५ मध्ये एकाच शहराच्या दोन टोकांत ९४४ आणि ७३ असा फरक पडला होता. संपूर्ण जिल्ह्याला एक रंग देऊन परळच्या गिरणगावातल्या चाळीला आणि मलबार हिलच्या टेकडीवरच्या इमारतीला सारखाच निरोप जातो. गल्लीच्या पातळीवर ‘इथे गुडघाभर पाणी चढण्याची शक्यता, अमुक वेळेपर्यंत’ असा मराठीतला साधा संदेश मोबाइलवर येऊ लागला, तर ही सेवा पहिल्या प्रतीची होईल, आणि त्यासाठी लागणारी बरीचशी माहिती यंत्रणेकडे आधीच आहे.

तिसऱ्या कसोटीवर लिहिताना मात्र मला चांगले शब्द फारसे सापडत नाहीत. पर्जन्य जलवाहिनीत पावसाचे पाणी जावे आणि मलवाहिनीत मैलापाणी, अशी मुंबईची रचना आहे. प्रत्यक्षात भर मार्चमध्येही कोणत्याही मोठ्या नाल्याला पाणी वाहत असते, आणि पाऊस नसताना वाहणारे ते पाणी घरांचे, गोठ्यांचे आणि कारखान्यांचे असते. ज्या वस्त्यांना मलवाहिन्या मिळाल्याच नाहीत त्यांनी नाल्यात सोडण्यावाचून दुसरे काय करावे? दोष त्यांच्याकडे ढकलणे मला अन्यायाचे वाटते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ च्या यादीत पवई ते धारावी हा मिठीचा पट्टा देशातल्या सर्वाधिक प्रदूषित नदीपट्ट्यांच्या पहिल्या गटात टाकला. त्या गटात येण्यासाठी पाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असावी लागते. समुद्रस्नानाच्या पाण्यासाठी हीच मर्यादा ३ मिलिग्रॅम आहे. लव्हग्रोव्ह असो की इर्ला, पंप जे पाणी उचलून पलीकडे टाकतात त्यात हे सगळे मिसळलेले असते. दादर, माहीम, जुहू आणि वर्सोव्याच्या किनाऱ्यांवर पावसाळी उधाणानंतर जे ढीग लागतात ते शहराच्याच नाल्यांतून गेलेले असतात. वर्सोव्याच्या आणि माहीमच्या कोळीवाड्यांतल्या लोकांच्या जाळ्यात मासळीबरोबर किंवा मासळीऐवजी प्लॅस्टिक येते, तेव्हा शहराच्या कचऱ्याची किंमत त्यांनी मोजलेली असते.

रस्त्यावरच्या पाण्याचाही हाच प्रश्न आहे. गुडघाभर पाण्यातून घरी गेलेल्या माणसाला लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, कारण त्या पाण्यात उंदरांचे आणि जनावरांचे मूत्र मिसळलेले असते. अशा पाण्यातून चाललेल्यांनी २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे, असे आवाहन महापालिकेचे आरोग्य खाते दरवर्षी करते आणि ते प्रत्येकाने गंभीरपणे घ्यावे, विशेषतः पायाला जखम असेल तर. आरोग्य खात्याचा हा सल्ला नेमका आणि उपयोगी आहे. तो दर पावसाळ्यात पुन्हा द्यावा लागतो, यातच पाण्याच्या गुणवत्तेविषयीचे खरे उत्तर आहे.

सुधारणेची कामे चालू आहेत, हेही नोंदवले पाहिजे. वरळी आणि वांद्रे इथल्या जुन्या केंद्रांत मैलापाण्यातला तरंगता कचरा आणि वाळू काढून उरलेले पाणी समुद्रात तीन किलोमीटरहून अधिक लांब नेऊन सोडले जात असे. प्रक्रिया म्हणावी तर ती एवढीच. जानेवारी २०२३ मध्ये वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप अशा सात ठिकाणच्या नव्या मलजल प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी झाली; त्यांची एकत्र क्षमता दिवसाला सुमारे २,४६० दशलक्ष लिटर असेल. बापट नाला आणि सफेद पूल नाला यांतून मिठीत येणारे मैलापाणी धारावीच्या केंद्राकडे वळवण्यासाठी सुमारे पावणेसात किलोमीटरचा बोगदा खणला गेला आहे. काही नाल्यांच्या तोंडाशी तरंगता कचरा अडवणारे अडथळे लावले गेले आहेत. ही सगळी कामे योग्य दिशेची आहेत, आणि माझ्या दृष्टीने पुढच्या पाच वर्षांत या सेवेचा कस पंपांवर नाही, तर या सात केंद्रांवर लागणार आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याच खात्याच्या जमेत दिसत नाही, ती म्हणजे मुरणारे पाणी. शहरातले रस्ते मोठ्या प्रमाणावर सिमेंट काँक्रीटचे होत आहेत. खड्डे टळतात म्हणून मी त्याचे स्वागतही करतो. पण इमारतींची आवारे फरशीने बंद होतात, झाडांची आळी सिमेंटने लिंपली जातात, आणि मिठागरांच्या मोकळ्या जमिनींवर बांधकामाचे बेत होतात, तेव्हा पंपांवरचा भार दरवर्षी वाढत जातो. मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई वातावरण कृती आराखड्यात शहरी पूर आणि जलसंपदा व्यवस्थापन हा स्वतंत्र विषय आहे, त्याची छाप प्रभागातल्या कामांवर दिसायला हवी. माहीम, मालाड आणि ठाणे खाडीकाठची खारफुटी भरतीचा जोर झेलते आणि गाळ धरून ठेवते. तिच्यासाठी डिझेल लागत नाही आणि चालकही लागत नाही.

सारांशाने गुण द्यायचे झाले तर पाणी उपसण्याच्या कामाला मी दहापैकी सात देईन, मोगरा आणि माहुलच्या परिसरासाठी चार. सूचनेच्या कामाला सहा. पाण्याच्या गुणवत्तेला दोन, आणि तेही चालू असलेल्या कामांकडे पाहून. नव्याने सखल भागात घर घेणाऱ्यांना माझा सल्ला असा आहे की इमारतीच्या जोत्याची उंची रस्त्याच्या उंचीशी ताडून पाहावी, पाण्याच्या भूमिगत टाकीचे तोंड आणि विजेच्या मीटरची खोली कुठे आहे ते विचारावे, आणि आपल्या रस्त्याचे पाणी कोणत्या नाल्याने कोणत्या केंद्राकडे जाते ते प्रभाग कार्यालयातून समजून घ्यावे. महापालिकेकडे माझे मागणे एकच आहे. संकेतस्थळावर जशा दर पंधरा मिनिटांनी पावसाच्या नोंदी येतात, तशा प्रत्येक उदंचन केंद्रापाशी उपसलेल्या पाण्याच्या तपासणीच्या नोंदी, दर आठवड्याला का होईना, त्याच पानावर याव्यात: प्राणवायूची मागणी, जिवाणूंची संख्या आणि अडवलेल्या कचऱ्याचे वजन. किती पाणी समुद्रात टाकले हे शहराला कळते. कसले पाणी टाकले हेही त्याच ठिकाणी कळले पाहिजे.